गौरी झाल्या की

भाद्रपद जवळ आला की माझं डोकं फिरतं. तसा माझा स्वभाव एरवीही काही मधाळ नाही, घरचे आणि शेजारचे दोघेही साक्ष देतील. पण या दिवसांत जरा जास्तच. धायरीत आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर आघाडा, दुर्वा, केवडा घेऊन बायका बसतात, मांडववाले निम्मा रस्ता अडवतात, ढोलपथकांचा सराव कानठळ्या बसवतो. सगळं शहर आनंदात असतं आणि माझ्या डोक्यात मात्र एक नदी सुरू होते. मुठा नव्हे. मुठेला नदी म्हणणं हा आपला पुणेकरांचा चांगुलपणा आहे. ही नदी पार केनियातली, मसाई माराच्या जंगलातली. तिला मी एकदाच पाहिलं, तासभर. ज्यासाठी गेलो, ते तिच्यात नव्हतं.

आज सकाळी माळ्यावरून गौरींचा खोका काढला. स्टूल डुगडुगत होतं आणि धरायला कोणी नव्हतं. हे, म्हणजे माझे यजमान, बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. "उतरला का खोका?" त्यांनी मान न वळवता विचारलं. हल्ली त्यांना सगळं आवाजावरून कळतं. "उतरला," मी म्हटलं. खोका उघडला की डांबराच्या गोळ्यांचा, कापराचा आणि गेल्या वर्षीच्या शेवंतीचा मिळून एक वास येतो. आत माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेले दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. शाडूचे आहेत, सासूबाईंकडून माझ्याकडे आले. ते सोडवायचं मी जरा लांबवते. चहा टाकते, पेपर वाचते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते. कारण सोडवले की त्यांच्या डोळ्यांकडे बघावं लागतं.

ते डोळे यांनी रेखलेले आहेत. हडपसरच्या एका कारखान्यात हे ड्राफ्ट्समन होते, मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच गौरींत यांनी मुखवट्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "या काय अशा झोपेतून उठल्यासारख्या दिसतायत?" रंग उडाला होता डोळ्यांचा. दुसऱ्या दिवशी चार केसांचा एक ब्रश घेऊन बसले. तेव्हापासून दरवर्षी गौरींच्या आधीच्या रविवारी हाच उद्योग. ड्रॉइंग बोर्डवर उशी, उशीवर मुखवटा, आणि श्वास रोखून पापणीची रेघ एका दमात ओढायची. मी खोलीत पाऊल टाकलेलं चालायचं नाही. "हललीस तर देवी तिरळी होईल," म्हणायचे. मग ते मुखवटे दोन दिवस खिडकीत वाळत असायचे आणि आमच्याकडे टक लावून बघत बसायचे. केतकी, आमची मुलगी, लहान असताना त्यांच्यासमोर अभ्यास टाळायला बघायची नाही. "त्यांना कळतं," म्हणायची.

नव्वदनंतर केबल आली आणि आमच्या दोन खोल्यांत सिंह शिरला. त्याआधी टीव्ही म्हणजे बातम्या, शेतीचे कार्यक्रम आणि रविवारचा सिनेमा. मग एके दिवशी केबलवाल्याने गच्चीवरून काळी वायर खाली सोडली, आणि हे जे रिमोट धरून बसले ते बसलेच. शेजारी मालिका चालायच्या, आमच्याकडे मगरी. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, भाकरी खाताना निदान कुणाचा पाय तोडलेला नको." तर म्हणाले, "तू पाठ करून बस." बोलणं हे असं.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि टीव्हीवर ती नदी आली. काठावर जनावरंच जनावरं. घोड्याच्या अंगावर रेड्याचं डोकं बसवावं आणि वर दाढी चिकटवावी, असं ते जनावर. विल्डबीस्ट त्याचं नाव. मी त्यांना दाढीवाले रेडेच म्हणायची. मैलोन्मैल गवतामागे चालत यायचं आणि नदी आडवी आली की काठावर थबकायचं. पाण्यात मगरी. पहिलं कोणीच उतरत नाही. पुढचा मागे बघतो, मागचा पुढच्याला ढकलतो. मग एक कोणीतरी उडी टाकतो आणि त्याच्यामागे सगळा काठच पाण्यात कोसळतो. किती वाहून जातात, किती खाल्ले जातात, पण थांबत नाहीत. मी यांच्याकडे बघितलं तर यांच्या डोळ्यांत पाणी. आता सांगा, केतकी झाली तेव्हा ज्या माणसाने घड्याळात बघून "मुलगी का? बरं" एवढंच म्हटलं, त्याच्या डोळ्यांत रेड्यांसाठी पाणी!

"एकदा हे समोर उभं राहून बघायचं," ते म्हणाले. खाण्याबद्दल, कपड्यांबद्दल, माझ्या माहेरच्यांबद्दलसुद्धा या माणसाची कधी तक्रार नव्हती आणि मागणंही नव्हतं. हे एकच. मी म्हटलं, "बघू की. आधी केतकीचं शिक्षण होऊ दे." मग म्हटलं, फ्लॅट होऊ दे. मग म्हटलं, तिचं लग्न होऊ दे. आमच्याकडे बोलायची पद्धतच ती. ताट वाढलेलं असायचं आणि आम्ही आधी दुसऱ्याच पंगती उठवत बसायचो.

त्यांनी मात्र त्या नदीचा नकाशा काढला होता. ट्रेसिंग पेपरवर, शाईत, कारखान्याच्या ड्रॉइंगला लिहितात तशा उभ्या सरळ अक्षरांत. लायब्ररीतली मासिकं आणून, टीव्हीवरचं लिहून घेऊन, वर्षभर ती जनावरं कुठून कुठे जातात त्याचं एक वाकडंतिकडं वर्तुळ. ठिकठिकाणी महिना लिहिलेला. तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. साडी काढताना रोज माझ्या डोळ्यांसमोर यायचा. रोज बघितला मी तो. वाचला कधीच नाही.

पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आले. ड्रॉइंग बोर्ड गोदामात गेले, टी-स्क्वेअर भंगारात. यांच्या हाताखाली शिकलेली माणसं यांना माउस कसा धरायचा ते शिकवू लागली. यांनी तेही शिकून घेतलं, पण संध्याकाळी घरी आले की डोळे चोळत बसायचे. रेघा दुहेरी दिसतात, कडेचं दिसत नाही. आम्ही म्हटलं, स्क्रीनमुळे. दोनदा चष्मा बदलला. शेवटी लवकर निवृत्ती देऊन कारखान्याने त्यांची सुटका केली आणि स्वतःचीही. त्याच रस्त्यावर पुढे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या एका इमारतीत आमची केतकी नोकरीला लागली. बाप ज्या स्टॉपवर बसची वाट बघायचा तिथूनच मुलीची कॅब वळायची. आम्हाला त्याचं केवढं कौतुक होतं. डोळ्यांकडे लक्षच गेलं नाही.

तो काचबिंदू होता. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांची चित्रं काढली आणि सांगितलं, कडेकडेने नजर गेली आहे, गेलेली परत येणार नाही, उरलेली धरून ठेवायचा प्रयत्न करू. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "म्हणजे नक्की कसं दिसतं तुम्हाला?" हे म्हणाले, "ड्रॉइंग गुंडाळतो ना आपण? त्या गुंडाळीतून बघतोय." दोन वर्षं थेंब घातले, एक ऑपरेशन झालं. गुंडाळी बारीक होत गेली. मग एका जूनमध्ये डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "काका, जे बघायचं मनात आहे ते या वर्षात बघून घ्या." इतकं स्पष्ट बोलले. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

केतकीने त्याच आठवड्यात चौकशी केली. पुण्याहून एक ग्रुप निघत होता ऑगस्टच्या अखेरीस. "बाबा, दोन पूर्ण दिवस नदीवर. नेमके तेच दिवस असतात, मी बघितलंय सगळं." हे उठले आणि कपाट उघडून त्या कागदाला नाक लावून उभे राहिले. मी कॅलेंडर बघितलं. गौरी बरोबर मध्ये येत होत्या.

"हे नाही जमायचं," मी म्हटलं.

"आई, एक वर्ष नाही बसवल्या तर काय होणार आहे?"

"एकतीस वर्षांत खंड नाही पडला माझ्या हातून. तुझ्या जन्मानंतर अंगात ताप घेऊन सोळा भाज्या केल्यात मी. माहेरवाशिणी आहेत त्या, तीन दिवसांसाठी येतात. दाराला कुलूप बघून परत जातील का?"

"आणि बाबांचे डोळे?"

"अगं, ती जनावरं काय, दरवर्षी येतातच की! पळून चाललीत का?"

केतकीचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो. हे कपाटाचं दार लावून वळले आणि म्हणाले, "राहू दे गं केतकी. गौरी झाल्या की जाऊ." मी लगेच म्हटलं, "बघ, बाबा स्वतःच म्हणतायत. गौरी झाल्या की." विषय संपला. मी जिंकले. घरात बहुतेक वेळा मीच जिंकते.

खरं सांगायचं तर भक्ती वगैरे एवढी नव्हती माझी. पण ते तीन दिवस माझे असायचे. वर्षभर जिला कोणी विचारत नाही त्या बाईकडे हळदीकुंकवाला अख्खी बिल्डिंग यायची. आरास कोणाची चांगली, पुरणपोळी कोणाची मऊ, आणि डोळे? डोळे बघून तर नवीन आलेल्या बायका थांबायच्याच. "किती जिवंत दिसतात हो!" मला ते ऐकायचं असायचं. नवऱ्याच्या डोळ्यांपुढे मी ते तोलून बघितलं आणि ते जड वाटलं. एवढंच आहे.

त्या वर्षी त्यांना डोळे रेखायला एक रविवार पुरला नाही. चार दिवस लागले. भिंग, टेबललॅम्प, आणि त्या गुंडाळीच्या भोकातून एका वेळी दिसेल तेवढीच पापणी. रेघ एका दमात ओढता येत नव्हती, तुकड्यातुकड्याने जोडत होते. मध्येच थांबून डोळ्यांवर ओला रुमाल ठेवायचे. मी म्हटलं, "राहू द्या, जुनाच रंग बरा आहे." म्हणाले, "बसवायच्या आहेत ना? मग नीट बसव." कनिष्ठेचा डावा डोळा केसभर वर गेला होता. कोणाला कळलं नसतं. त्यांना कळलं होतं, ते भिंग घेऊन पुन्हा पुन्हा तिथेच येत होते.

गौरी यायच्या त्या दिवशी सकाळी फोन वाजला. दुसऱ्या दिवशीच्या भाज्या आणून झाल्या होत्या, पुरणाची डाळ काढून ठेवली होती, दारापासून पावलं काढायला मी रांगोळी चाळत होते. सोलापूरकडचे यांचे एक चुलतभाऊ गेले होते. कोण ते मला आठवायला वेळ लागला. कुठल्याशा लग्नात एकदा भेटले होते, जेवण बेचव आहे म्हणून कुरकुरत होते. पण सख्खे चुलत, एकाच घराण्यातले. दहा दिवस सुतक.

मी चाळणी हातात घेऊन उभीच राहिले. सुतकात गौरी बसत नाहीत. तिथी गेली की गेली, मागाहून बसवायची सोय नाही. वाळलेले मुखवटे खिडकीतून बघत होते. मी ते साडीत गुंडाळले, खोक्यात ठेवले. भाज्या समोरच्या बिऱ्हाडात देऊन टाकल्या. कोपऱ्यावरची भाजीवाली मूळची धायरीतलीच, तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय वो काकू, यंदा गौरी न्हाईत व्हय तुमच्यात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आता मरनाला काय कॅलिंडर आसतंय का?" मी काही न घेताच घरी आले.

ते तीन दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. घरात ना गौरी, ना आफ्रिका. बाहेर सगळ्यांच्या घरून घंटा आणि पुरणाचा वास. आम्ही दोघं समोरासमोर बसून पिठलं-भात खाल्ला. मी म्हटलं, "टीव्ही लावू का?" तर नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक म्हणाले, "आज तिकडे पाणी उतरलं असेल." कुठे, ते मला विचारावं लागलं नाही. तो ग्रुप त्या दिवशी त्या काठावर उभा असणार होता, आणि आम्ही कशासाठी घरी बसलो होतो ते खोक्यात होतं. त्या क्षणी त्यांनी मला दोन शब्द सुनावायला हवे होते. सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढचा ग्रुप दिवाळी झाल्यावरचा, नोव्हेंबरचा. मीच उत्साहाने फोन केला, विचारलं, "प्राणी असतील ना?" पलीकडून मुलगी म्हणाली, "भरपूर, मॅडम. सिंह, हत्ती, जिराफ, सगळे." सगळे म्हटल्यावर मला बरं वाटलं. केतकीच्या कंपनीत त्याच सुमारास कुठल्याशा सॉफ्टवेअरची रिलीज होती, ती सकाळी सातला जायची आणि जेवायच्या वेळी अमेरिकेशी बोलायची. तिने नीट बघितलं नाही. आणि यांनी पासपोर्ट काढून दिला, स्वेटर काढून दिला, कपाटाच्या दारावरचा कागद सोडवून घडी करून खिशात ठेवला. तोंडातून एक अक्षर नाही.

तिथली माती आपल्या कोकणच्या रस्त्यासारखी लाल. गाडीचं छप्पर वर उचललं जायचं आणि आम्ही उभं राहून बघायचो. एवढं मोकळं आभाळ मी पुण्यात कधी बघितलं नव्हतं. धायरीत आम्ही राहायला आलो तेव्हा बाल्कनीतून सिंहगड दिसायचा, आता समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. पिवळं गवत, मधूनच छत्रीसारखं एखादं झाड, आणि गाडीच्या चाकाखाली एक झुडूप चिरडलं की ओव्यासारखा वास. आमच्या ग्रुपमध्ये चोवीस पुणेकर होते. मेतकूट, चिवडा, लोणची, सगळ्यांच्या पिशव्यांतून. एक सद्गृहस्थ सारखे व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावून विचारायचे, "अहो, पण वाघ कुठे आहेत?" आफ्रिकेत वाघ नसतात हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा हे म्हणाले, "त्यांना व्हिसा मिळाला नाही." सगळी गाडी हसली. मीही हसले. त्या प्रवासातलं तेवढंच.

सिंह दिसले. म्हणजे मला दिसले. यांना मी हातांनी डोकं धरून वळवायची, "इकडे, अजून जरा डावीकडे, त्या खडकाच्या वर." तोवर सिंह उठून जायचा. "शेपटी दिसली," ते म्हणायचे. हत्ती मात्र मोठा, गुंडाळीत मावत नसे. आधी एक कान, मग सोंड, मग दुसरा कान, असा तुकड्यातुकड्याने त्यांनी हत्ती बघितला. मला ते चार दिवस आठवले, पापणीचे.

नदीवर गेलो तिसऱ्या दिवशी सकाळी. आमचा गाडीवाला जोसेफ, साठीचा, कमी बोलणारा माणूस. तो यांना मझे म्हणायचा, तिथे वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात, आणि मला मामा, म्हणजे त्यांच्याकडे आई. एका ठिकाणी बंदूकवाल्या पहारेकऱ्याबरोबर काठाने चालायला परवानगी होती. तपकिरी पाणी, त्यात दगडासारखे पाणघोडे, पलीकडच्या वाळूवर एक मगर तोंड उघडं टाकून पडलेली. काठ खुरांनी खचून खचून त्याचा उतार झालेला. दगडांत अडकलेली हाडं, शिंगं. मी नदीच्या वरपासून खालपर्यंत बघितलं. पलीकडचं माळरान बघितलं. रिकामं. एक करकोच्यासारखा पक्षी उभा होता.

"जोसेफ, ते कुठे आहेत?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. "ते दाढीवाले?"

त्याने दक्षिणेकडे हात केला. "गेले, मामा. परत टांझानियात. दोन आठवडे झाले. शेवटचे शेवटचे होते तेही गेले."

मी यांच्याकडे वळले. यांनी आधीच खाली बसून उतारावर हात ठेवला होता. खुराच्या एका वाळलेल्या खड्ड्यात अंगठा फिरवत होते, कारखान्यात एखादा भाग हातात आला की त्याची कड तपासायचे तसा. मग बोटं नाकाशी नेली. "गोठ्याचा वास येतोय," म्हणाले. "किती दिसतायत?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलंच नाही. "काही नाही," मी म्हटलं. "नदी रिकामी आहे. गेले सगळे."

"हो," ते म्हणाले. "असणारच."

त्यांनी खिशातून तो कागद काढला, उलगडला आणि माझ्याकडे दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो वाचला. नदीच्या आडव्या रेघेवर लिहिलं होतं, ऑगस्ट, सप्टेंबर. आणि नदीपासून खाली दक्षिणेला जाणाऱ्या बाणावर, त्याच उभ्या सरळ अक्षरांत, नोव्हेंबर.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मीच काढलाय ना तो?"

"मग बोलला का नाहीत? मी फोन करत होते, पैसे भरत होते, बॅगा भरत होते, तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?" मी ओरडलेच. पहारेकऱ्याने वळून बघितलं.

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, मग पुढच्या वर्षी जाऊ," ते म्हणाले. शांतपणे, हिशोब तपासल्यासारखं. "पुढच्या वर्षी मला नदीही दिसली नसती. म्हटलं, निदान जागा बघू."

आणि ते तासभर जागा बघत बसले. पाणी, मग खडक, मग उतार, तुकड्यातुकड्याने. ग्रुपमधल्या बायका हाका मारत होत्या, डबे उघडले होते. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले होते आणि मला रडूही येत नव्हतं. राग यायला समोर कोणी नव्हतं. निघताना जोसेफ त्यांचा हात धरून गाडीत चढवत म्हणाला, "पुढच्या वर्षी या, मझे. ते दरवर्षी येतात." हे हसले. "हो, माझी बायकोही हेच म्हणते," म्हणाले.

दरवर्षी येतात. त्या एका वाक्यावर मी किती वर्षं घालवली. गौरी दरवर्षी येतात, ती जनावरं दरवर्षी येतात, मांडव, ढोल, केवडा, सगळं दरवर्षी येतं. आमच्या घरात दरवर्षी न येणारी गोष्ट एकच होती, आणि मी तिलाच थांब म्हटलं. पुष्कळ लोक मला सांगतात, अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता, गेलात ना एकदाचे, किती जण जातात? केतकी सांगते. डॉक्टरही म्हणाले होते, रोग होता, तुमचा काय दोष. रोगाचा दोष मी कधी स्वतःकडे घेतलाच नाही. रोग ऑगस्टमध्ये थोडी जागा सोडून उभा होता. मध्ये मी उभी राहिले.

पुढचा फेब्रुवारी संपायच्या आत उरलेलं भोकही बुजलं. एका सकाळी पेपर हातात धरून बसले होते, मी म्हटलं, "उलटा धरलाय." त्यांनी सुलटा केला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. त्या वर्षी केतकी म्हणाली, आई, आता जायचं का ऑगस्टमध्ये, गौरी राहू देत. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "आता कशाला? आता गौरीच बसवा." त्या वर्षी कोणी मेलं नाही. गौरी बसल्या. त्यानंतरही दरवर्षी बसल्या, एकदाही खंड नाही. सवाष्णी येतात, जेवतात, पोळीचं कौतुक करतात. डोळ्यांचं आता कोणी काही म्हणत नाही.

म्हणजे ते डोळे त्या वर्षीचेच आहेत अजून. चार दिवस लावून रेखलेले आणि त्या वर्षी पुजलेच न गेलेले. मी कोणाला हात लावू दिला नाही. बाजारात रंगवून देणारे आहेत, केतकी दरवर्षी म्हणते, "आई, दे ना, अगदी भुतासारख्या दिसतात." या वर्षी तर ती यायचीच उशिरा. काल फोनवर म्हणाली, "आई, रिलीज झाली की येते." मी बरं म्हणून फोन ठेवला. तिच्या जिभेवर ते कोणी ठेवलं ते मला ठाऊक आहे.

दुपारी चहा, पेपर, ओटा सगळं संपलं आणि मी मुखवटे सोडवले. ज्येष्ठेच्या पापण्या निम्म्या उरल्यात. कनिष्ठेचा डावा डोळा, तो केसभर वर गेलेला, तो गेलाच पूर्ण. पांढरी शाडू तेवढी. मी बराच वेळ बघत बसले. बाल्कनीतून हे म्हणाले, "सोडवलेस का? आण इकडे."

मी कनिष्ठा त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा कपाळावरून खाली आणला, भुवईवरून, मग डोळ्यावर. नदीच्या काठावर खुरावरून फिरवला होता तसा, कड तपासत. डाव्या डोळ्यावर अंगठा थांबला.

"रंग गेलाय इथला," म्हणाले.

"थोडासा."

"थोडासा नाही. सगळा गेलाय."

"गौरी झाल्या की रंगवून घेते," मी म्हटलं.

तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं. खाली कोणीतरी ढोलावर दोन टिपऱ्या मारून बघितल्या आणि थांबलं. यांनी मुखवटा दोन्ही हातांनी उचलला आणि परत द्यायला पुढे धरला, मी होते त्याच्या बरंच उजवीकडे, रिकाम्या जागेत. मी उठून तिथे जाऊन उभी राहिले आणि तो घेतला.